आगीचा दरवाजा उघडा का राहिला

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी दरवाजा आहे आणि सध्या मी कुठल्याच भिंतीत नाही. एका सरकारी गोदामाच्या कोपऱ्यात मला नुसतं टेकवून ठेवलं आहे. माझ्या मुठीला पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधली आहे, तिच्यावर एक आकडा आणि एक तारीख आहे. इथली माणसं मला दरवाजा म्हणत नाहीत, पुरावा म्हणतात. म्हणोत बापडे. नाव बदललं म्हणून माझं वजन काही कमी झालेलं नाही. मला इथे आणताना सहा हमालांच्या नाकी नऊ आले होते, आणि त्यातल्या एकाने मला जी शिवी दिली ती मी तुम्हाला सांगणार नाही.

मी साधा दरवाजा नाही, हे आधीच सांगतो. मी आगीचा दरवाजा. दोन जाड पत्रे आणि त्यांच्यामध्ये आग सोसणारा थर, असं माझं अंग आहे. ज्या लोहाराने मला जोडलं, तो शेवटचा टाका मारून झाल्यावर कपाळाचा घाम पुसत म्हणाला होता, "याला आयुष्यात एकदाच काम पडणार. पण त्या दिवशी हा हजर पाहिजे." मी ते मनावर घेतलं. तेव्हा मी नवा होतो, नव्याला सगळंच मनावर घ्यायची सवय असते.

एका कोट शिवणाऱ्या कारखान्याने मला विकत घेतलं. कारखान्याचे थोरले मालक स्वतः मला बघायला आले होते. त्यांच्या ओळखीच्या कुणाचा तरी कारखाना जळाला होता आणि त्या दिवसापासून त्यांनी आगीची धास्ती घेतली होती. शिलाई खातं आणि तयार मालाचं गोदाम यांच्यामधल्या जाड भिंतीत त्यांनी मला बसवलं. एका बाजूला दीडशे शिलाई मशिनं, दुसऱ्या बाजूला छतापर्यंत फळ्या आणि फळ्यांवर कोटांची खोकी. मधे मी.

माझी युक्ती सोपी होती. मी वरच्या रुळावर चाकांनी सरकायचो. रूळ किंचित उतरता होता, त्यामुळे मोकळा सोडला तर मी आपणहून घरंगळत जाऊन बंद होणार. मला उघडं धरायला दोरीच्या दुसऱ्या टोकाला एक वजन टांगलेलं होतं. त्या दोरीत मधे मऊ धातूची एक छोटी कडी होती. आग लागली की कडी वितळायची, वजन खाली पडायचं आणि मी बंद व्हायचो. मग आग एका बाजूला आणि माणसं दुसऱ्या बाजूला. बटण नाही, वीज नाही, कुणी धावत यायची गरज नाही. थोरले मालक पाहुण्यांना हात धरून माझ्यापर्यंत आणायचे आणि सांगायचे, "हा आमचा सगळ्यात आळशी कामगार. पण वेळेला हाच उपयोगी पडणार." पाहुणे हसायचे. मलाही बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू?

माझ्या छातीवर लाल रंगात एक सूचना लिहिली होती: 'हा दरवाजा बांधून ठेवू नये.' ती नीट लक्षात ठेवा.

वर्षं गेली. इमारत एका बाजूने थोडी खचली, रुळाचा उतार वाढला आणि मला धरून ठेवणारं वजन कमी पडू लागलं. आग नाही, धूर नाही आणि मी आपला हळूहळू बंद होतोय! कोटांनी भरलेली ट्रॉली माझ्यातून जात असायची आणि मी जाऊन तिच्या कुशीत धडकायचो. एकदा पॅकिंगच्या मावशींच्या कोपरावरच आदळलो. मावशी म्हणजे पॅकिंग खात्याच्या प्रमुख. त्या कुणाच्याच सख्ख्या मावशी नव्हत्या, पण तीस बायकांवर त्यांचा वचक होता. त्यांनी कोपर चोळत माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की मी लोखंडाचा आहे याचा मला आधार वाटला.

"मेस्त्री!" त्या ओरडल्या. "या तुमच्या लाडक्याला आवरा नाहीतर मी याला भंगारात घालते!"

मेस्त्री म्हणजे कारखान्याचे दुरुस्तीचे कारागीर. कमी बोलणारा, मान खाली घालून काम करणारा माणूस. मला बसवताना रुळाखाली ते होते, आणि तेव्हापासून माझ्या चाकांना दुसऱ्या कुणाचा हात लागला नव्हता. त्यांनी उतार मोजला आणि वरच्या कचेरीत चिठ्ठी लिहून दिली: वजन वाढवायला हवं. कचेरीतून उत्तर आलं, "बघू." त्यांनी दुसरी चिठ्ठी दिली, तिसरी दिली. थोरले मालक तोवर आजारी पडले होते आणि कारभार त्यांच्या मुलाच्या, धाकट्या मालकांच्या हातात आला होता. त्यांनी चिठ्ठ्यांकडे कानाडोळा केला.

इकडे ट्रॉल्या थांबत नव्हत्या आणि मावशींची जीभही थांबत नव्हती. शेवटी मेस्त्रींनी भिंतीत एक हूक ठोकला आणि मला त्या हुकाला बांधलं. माझ्या छातीवरच्या लाल अक्षरांच्या बरोबर खाली! पण बांधताना त्यांनी सगळ्या बायकांना गोळा केलं आणि सुतळीचा तुकडा वर धरून दाखवला. मेस्त्री एका दमात इतकं बोललेले मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

"हे नियमाच्या बाहेर आहे, मला माहीत आहे. पण बांधायचाच तर फक्त सुतळीने. एकपदरी सुतळी. तार नाही, साखळी नाही, नायलॉन तर अजिबात नाही. सुतळी आगीत लगेच जळते. ती जळली की हा सुटेल आणि बंद होईल. आणि संध्याकाळी जाताना सोडायचा. विसरायचं नाही."

हे कुठल्या पुस्तकात नव्हतं. त्या कारखान्यातल्या माणसांनी आपल्यापुरतं काढलेलं होतं. पुढे मावशी प्रत्येक नव्या बाईला पहिल्याच दिवशी ते शिकवायच्या. कात्री कुठे, पाणी कुठे आणि दरवाजा कसा बांधायचा. कुणी गंमत म्हणून रिबिनीने बांधला तरी मावशी तिला फैलावर घ्यायच्या. अशी चौदा वर्षं मी दिवसभर सुतळीला टेकून उभा राहिलो आणि संध्याकाळी सुटून बंद झालो. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी सकाळी मेस्त्री एकटेच यायचे. माझ्या चाकांना तेल द्यायचे, मला चार वेळा इकडून तिकडे सरकवायचे आणि बंद करून घरी जायचे. त्यासाठी त्यांना कुणी जादा काही देत नव्हतं.

थोरले मालक गेले. त्यानंतर दोनेक वर्षांत कारखान्याला उतरती कळा लागली. ऑर्डरी आटल्या. शिलाई मशिनांवर कव्हरं चढू लागली, बायका अर्ध्या दिवसात घरी जाऊ लागल्या. आणि मग एका आठवड्यात मी जे पाहिलं, ते ऐका.

बायका घरी गेल्यावर कामाची शेवटची घंटा आणि अंधार यांच्यामधल्या तासाभरात धाकटे मालक परकी माणसं घेऊन येऊ लागले. ती माणसं कोटांची खोकी ट्रॉलीवर भरून मागच्या फाटकाने नेत होती. तेवढीच खोकी पुन्हा आत येत होती. वरून तशीच दिसणारी, तशाच चिकटपट्ट्या लावलेली. पण मित्रांनो, माझ्या उंबऱ्यावरून ज्या ट्रॉल्या गेल्या, त्यांचं वजन मला चांगलं कळतं. जाणाऱ्या ट्रॉल्या भरलेल्या होत्या. येणाऱ्या ट्रॉल्यांची चाकं उंबऱ्यावर टणाटण उडत होती. खोक्यांत चिंध्या आणि रद्दी होती. सहा दिवसांत गोदामातला जवळजवळ सगळा माल निघून गेला आणि फळ्या मात्र पहिल्यासारख्याच गच्च दिसत होत्या. मला तोंड असतं तर मी तेव्हाच बोंब मारली असती.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी सकाळी मेस्त्री आले. त्यांनी नेहमीसारखं चाकांना तेल दिलं, मला चारदा सरकवलं, तेलाची चिंधी आपल्या खिशात कोंबली, मला बंद केलं आणि गेले. गेटवरच्या पहारेकऱ्याने त्यांच्या येण्याजाण्याची वेळ वहीत लिहिली.

दुपारी धाकटे मालक एकटेच आले. त्यांनी मला ढकलून उघडलं. त्यांच्या हातात पक्कड होती आणि तारेचं वेटोळं होतं. माल भरलेल्या ट्रकच्या कड्यांना बांधतात ती, दोन पदरांचा पीळ असलेली तार. त्यांनी माझी मूठ आणि भिंतीतला हूक त्या तारेने आवळून टाकला. सहा वेढे दिले आणि पकडीने पीळ घातला. माझ्या छातीवरची लाल अक्षरं त्यांच्या नाकासमोर होती. त्यांनी ती वाचलीही असतील.

ते असं का करत होते, हे तुम्हाला सांगायलाच हवं. विमा कंपनीकडे त्यांना सांगायचं होतं की सहा हजार कोट जळाले. आग गोदामापुरती राहिली असती तर बंबवाल्यांनी ती लवकर विझवली असती, आणि मग अर्धवट जळलेल्या खोक्यांतून चिंध्या बाहेर पडल्या असत्या. म्हणून त्यांना सगळंच जळायला हवं होतं. आणि सगळं जळायचं तर मी उघडा राहायला हवा होतो.

आग लागली. म्हणजे लावली. मी ती पहिल्यापासून पाहिली, पण तिचं वर्णन मी करणार नाही. एवढंच सांगतो. धग वाढली, माझ्या दोरीतली कडी वितळली आणि वजन धाडकन खाली पडलं. मी इतकी वर्षं ज्या क्षणासाठी उभा होतो तो आला होता. मी पूर्ण जोर लावून निघालो. बोटभर सरकलो आणि तारेने मला धरलं. पुन्हा जोर लावला. तार ताणली गेली, पण तुटली नाही. माझ्या डोळ्यांदेखत आग माझ्यातून निघून शिलाई खात्यात शिरली. कव्हरं पेटली, मग मशिनं. बायकांच्या खुर्च्यांवर त्यांनी घरून आणलेल्या उशा होत्या, त्याही पेटल्या. मी उघडाच होतो. मला इतकी लाज आजवर कधी वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी चौकशी सुरू झाली. धाकटे मालक राखेत उभे राहून रुमालाने डोळे पुसत होते. त्यांनी सांगितलं, "मेस्त्री सकाळी आले होते. तेलाच्या चिंध्या टाकून गेले असतील. आणि हा दरवाजा बांधून ठेवायची त्यांची जुनी सवय. कितीदा बजावलं! बघा, बांधलेलाच आहे." वहीत त्या दिवशीची नोंद एकट्या मेस्त्रींची होती. त्याच संध्याकाळी पोलीस मेस्त्रींना घेऊन गेले आणि कोठडीत टाकलं. निष्काळजीपणाने कारखाना जाळला, असा आरोप. त्यांच्या घरी एक मुलगी होती, दवाखान्यात परिचारिका होती. बाकी कुणी नव्हतं.

आता ऐका, खरी चूक इथे झाली. आणि ती वाईट माणसांनी केली नाही.

मेस्त्रींना नेलं तेव्हा मावशींनी फाटकाबाहेर तीसही बायकांना जमवलं. "कुणीही विचारलं तरी सांगायचं, दरवाजा कधीच बांधत नव्हतो. एकदाही नाही. समजलं? नियम मोडला असं कबूल केलं तर मेस्त्री मेलेच म्हणून समजा." सगळ्यांनी माना डोलावल्या. मायेपोटीच केलं ते. मेस्त्रींसाठी त्या बायकांनी जीवही दिला असता, तिथे एका वाक्याचं काय!

विमा कंपनीने तपासाला एक बाई पाठवल्या. सगळे त्यांना मॅडम म्हणत. बुटक्या, जाड चष्म्याच्या, पायात रबरी बूट. पहिल्याच दिवशी त्यांनी हुकूम सोडला की दरवाजाला कुणी हात लावायचा नाही, आहे तसा राहू द्यायचा. मग त्यांनी एकेका बाईला समोर बसवून विचारलं. तीसही बायकांनी सांगितलं, "दरवाजा कधीच बांधत नव्हतो." मॅडम माझ्याकडे आल्या. चौदा वर्षांत सुतळी घासून हूक आतल्या बाजूने गुळगुळीत झाला होता. त्यांनी तिथे बोट फिरवलं आणि लिहून घेतलं. न बांधणाऱ्यांचा हूक असा झिजतो का? बायका खोटं बोलत होत्या, हे एका बोटाने कळलं. धाकट्या मालकांनी लगेच संधी साधली, "बघा! सगळ्या मेस्त्रीला पाठीशी घालतायत. त्यांनीच तारेने बांधला असणार."

म्हणजे जे वाक्य मेस्त्रींना सोडवायला शिकवलं, त्यानेच त्यांना आणखी घट्ट अडकवलं. मी तिथेच होतो. माझ्या मुठीत ती तार होती, खरं काय ते मला माहीत होतं आणि मी मुका. माझा जीव नुसता टांगणीला लागला होता.

मॅडमनी मग राख चाळायला घेतली. चार मजूर, चार मोठ्या चाळण्या, आणि स्वतः त्या गुडघ्यावर बसलेल्या. धाकट्या मालकांचा माणूस हसून म्हणाला, "मॅडम, कोट जळले, राखेत काय शोधताय?"

"बटणं," मॅडम म्हणाल्या. "तुमच्या कोटांना पितळेची बटणं असतात ना? प्रत्येकाला आठ. कापड जळतं, पितळ कुठे जातं?"

तो माणूस हसायचा थांबला. पाच दिवस चाळणं चाललं. सहा हजार कोटांची बटणं म्हणजे पोती भरायला हवी होती. मिळाली वाटीभर. म्हणजे कोट तिथे नव्हतेच. मला वाटलं, सुटले आता मेस्त्री! पण नाही. धाकटे मालक म्हणाले, "मग माल चोरला असेल कुणीतरी. चाव्या मेस्त्रीकडे असायच्या. चोरी लपवायला त्यानेच आग लावली." बघा, कसं बेमालूम फिरवलं! निष्काळजीपणाचा आरोप होता, आता चोरीचा आणि जाळपोळीचा झाला. मेस्त्रींच्या मागे आता साताठ वर्षांची कैद लागणार, असं मजूर आपसात बोलू लागले.

आगीनंतर विसाव्या दिवशी मेस्त्रींची मुलगी कारखान्यात आली. कामावरून तशीच आली असावी, गणवेशावर शाल होती. मावशी आणि काही बायका राखेत आपल्या कात्र्या, डबे असं काही सापडतं का ते पाहत होत्या. मुलीला बघून मावशी लगबगीने पुढे झाल्या आणि तिच्या पाठीवरून हात फिरवू लागल्या. मुलगी मागे सरली.

"मावशी, बाबा जेवत नाहीत. मी रोज डबा देते, तो तसाच परत येतो. काल मला म्हणाले, मी बांधायचो हे खरं आहे, पण ते कबूल केलं तर मावशी आणि तीस बायका खोट्या ठरतील. म्हणून ते गप्प आहेत. तुम्ही त्यांच्यासाठी खोटं बोलताय आणि ते तुमच्यासाठी गप्प बसलेत. आणि मधल्यामध्ये त्यांना चोर ठरवलंय."

मावशींनी तोंडाला पदर लावला. मग त्या माझ्याकडे वळल्या, मुठीवरच्या तारेकडे पाहिलं आणि एकदम संतापाने ओरडल्या, "अरे, आम्ही तार कधी वापरली? आमच्या कारखान्यात तार लावायची कुणाची छाती होती? ए बाई, त्या मॅडम कुठे आहेत? बोलाव त्यांना, आत्ताच्या आत्ता बोलाव!"

मॅडम आल्या. मावशी त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या आणि त्यांनी सगळं सांगितलं. वजन कसं कमी पडलं, मेस्त्रींनी सुतळीच का निवडली, प्रत्येकीला ते कसं शिकवलं, आणि ते खोटं वाक्यही आपणच शिकवलं, हेसुद्धा. शेवटी म्हणाल्या, "मला काय शिक्षा करायची ती करा. त्या माणसाला सोडा."

मॅडमनी चष्मा काढून पुसला. "तीस माणसं अगदी एकच वाक्य बोलली, तेव्हाच मला कळलं की ते कुणीतरी पढवलंय. पण त्यामुळे तुमच्यातल्या कुणाचाच एकही शब्द मला खरा धरता येईना. पहिल्याच दिवशी सांगितलं असतंत तर?"

मावशींचं पाहून पहारेकऱ्यालाही धीर आला. इतके दिवस त्याची पाचावर धारण बसली होती. तो हात जोडून म्हणाला, "मॅडम, त्या दुपारी धाकटे मालक आले होते. मालकांची नोंद वहीत करायची नसते, अशी आमच्याकडे पद्धत आहे. मला म्हणाले, जा, जेवून ये, मी आहे. मी गेट सोडून गेलो. नोकरी जाईल म्हणून बोललो नाही."

मॅडम पोलिसांना घेऊन जळालेल्या कचेरीत गेल्या. धाकट्या मालकांचं लोखंडी कपाट शाबूत होतं. त्याची चावी त्यांच्याच खिशात असायची, दुसरी नव्हतीच. आत तारेचं वेटोळं सापडलं. तीच दोन पदरांची तार, आणि तिचं तोडलेलं टोक माझ्या मुठीवरच्या टोकाशी बरोबर जुळलं.

तरी मॅडमना एक गोष्ट स्वतःच्या डोळ्यांनी पाहायची होती. सुतळीने बांधलेला दरवाजा आगीत खरोखर बंद होतो का? तेविसाव्या दिवशी त्यांनी मेस्त्रींना कोठडीतून आणायला लावलं. मेस्त्री पार वाळले होते. त्यांनी कुणाकडे पाहिलं नाही, सरळ माझ्यापाशी आले. आगीने माझी चाकं रुळावर आखडली होती. त्यांनी ती हातोडीने ठोकून सरळ केली, तेल दिलं, काजळी पुसली. प्रत्येक चाकाला त्यांनी सारखाच वेळ दिला. मग मॅडमनी माझ्या मुठीवरची तार जपून कापून पिशवीत घातली, आणि मेस्त्रींनी मला त्या हुकाला सुतळीने बांधलं.

मजुराने सुतळीखाली जळती मशाल धरली. सुतळी काळी पडली, धूर निघाला आणि ती तटकन तुटली. मी निघालो. मधेच एक चाक अडकलं, मेस्त्री पुटपुटले, "चल रे, चल..." आणि चाक सुटलं. मी रुळाच्या टोकापर्यंत गेलो आणि धाडकन बंद झालो. एवढा आवाज झाला की मजुराच्या हातातली मशाल पडली. मेस्त्री तिथेच राखेत खाली बसले आणि हमसून हमसून रडू लागले. मावशी डोळे पुसत त्यांच्यावरच खेकसल्या, "उठा हो, कपडे खराब होतायत!" आणि मग स्वतःच त्यांच्या शेजारी बसल्या.

मॅडमनी जबाब लिहायला कागद काढला. हळू आवाजात त्या म्हणाल्या, "मेस्त्री, तार त्यांची होती हे सिद्ध झालंय. तुम्ही इतकी वर्षं दरवाजा बांधत होता, हे मी लिहिलं नाही तरी तुम्ही सुटाल. लिहिलं तर पुढे कुठला कारखाना तुम्हाला कामावर घेईल, सांगता येत नाही."

मेस्त्रींनी मुलीकडे पाहिलं. मग म्हणाले, "लिहा. पहिलं तेच लिहा. ते लपवलं म्हणूनच एवढं झालं."

मॅडमनी पहिलं तेच लिहिलं. मेस्त्रींनी सही केली. तिसऱ्या दिवशी ते सुटून घरी गेले आणि धाकट्या मालकांना अटक झाली. खटला अजून चालू आहे, म्हणून तर मी इथे चिठ्ठी बांधून उभा आहे. मॅडमचं म्हणणं खरं ठरलं. मेस्त्रींना दुसऱ्या कारखान्यात काम मिळालं नाही. ते आता घरीच लोकांचे पंखे आणि कुलपं दुरुस्त करतात. हे मला पहारेकऱ्याने सांगितलं, तो हल्ली याच गोदामावर नोकरीला आहे आणि येताजाता माझ्याशी बोलतो. म्हणाला, मेस्त्री पोटभर जेवतात आणि झोप चांगली लागते.

मित्रांनो, तुमच्या शाळेत, दवाखान्यात, कुठेही माझ्यासारखा दरवाजा असेल तर तो बांधू नका, त्याच्यापुढे बाकं रचू नका. आणि तो कुणी बांधलेला दिसला, किंवा तुम्हीच बांधला असेल, तर त्याच दिवशी मोठ्यांना जाऊन सांगा. ओरडा बसेल, बसू द्या. मी माझं एकुलतं एक काम शेवटी केलं, पण तेवीस दिवस उशिरा. मी बंद झालो तेव्हा माझ्या दोन्ही बाजूंना राखच होती, आणि एक चांगला माणूस तेवढे दिवस कोठडीत बसून राहिला होता.